जशीच्या तशी चादर

"मावशी, तुला बिछाना घालता येतो ना?"

शेजारणीच्या मुलीनं कुंपणावरून विचारलं तेव्हा मी तुळशीभोवतीचं गवत उपटत होते. मला हसूच आलं. चौतीस वर्षं मी सरकारी नर्स होते, अर्धी म्हापशाच्या इस्पितळात आणि अर्धी डिचोलीच्या आरोग्य केंद्रात. माणूस वर झोपलेला असताना त्याच्या खालची चादर बदलणाऱ्या बाईला हे विचारणं म्हणजे पदेराला पाव भाजता येतो का म्हणून विचारण्यासारखं.

"कोणासाठी घालायचाय?"

"कोणासाठी नाय. शिकवायचाय."

ही मुलगी नऊ वर्षं दक्षिणेकडच्या मोठ्या हॉटेलांत होती. खोल्यांची व्यवस्था बघायची. आईची तब्येत बिघडली म्हणून घरी परतली आणि पेडणे-डिचोलीच्या बेकार मुलांना हॉटेलचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेत लागली. मोप्याला विमानं उतरायला लागल्यापासून हॉटेलवाले माणसं शोधत होते, आणि गावागावांतली शिकलेली मुलं सरकारी जागेचे फॉर्म भरून घरात बसली होती. तीन महिन्यांचा वर्ग, फुकट. बिछान्याचं शिकवणाऱ्या बाईंना ऐन वेळी दुसरीकडे नोकरी लागली, म्हणून हिला मी आठवले.

"दोनच दिवस ये. मग मी बघते."

त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे.

तिच्या स्कूटरमागे बसून मी गेले. पेडण्याच्या एका गावातली बंद पडलेली प्राथमिक शाळा वर्गाला मिळाली होती. बाराखडीचा तक्ता अजून भिंतीवर होता. बाकं एका कडेला रचून मध्ये दोन पलंग मांडलेले. पठारावरून विमान उठलं की पत्रे थरथरायचे आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबायचा.

अकराजण होते. त्यातला सगळ्यात मोठा अठ्ठावीस वर्षांचा. आमच्या डिचोलीकडचाच, बापाचा खाणीवर टिप्पर होता आणि शाळा सोडून हाही तोच चालवायचा. खाणी बंद झाल्यावर टिप्पर विकला आणि त्यानं पाच वर्षांत सात कामं बदलली. उशीला खोळ घालताना त्याचे हात असे काही थबकायचे, जणू उशीला दुखेल. बाकीचे बारावी झालेले किंवा पदवीवाले. मुलं शेजारणीच्या मुलीला मॅडम म्हणायची, म्हणून मीही इथं मॅडमच म्हणते. मला सिस्टर म्हणायची. ते नाव मला निवृत्तीनंतर पुन्हा मिळालं म्हणून मी खूश होते, हे कबूल करते.

पहिल्याच दिवशी मी त्यांना चादरीचा पाकिटासारखा कोपरा कसा करायचा ते दाखवलं. सुरकुती राहिली तर काय होतं तेही सांगितलं: पाठीला जखमा होतात. मॅडम मागे उभी होती, ती म्हणाली, "मावशी, इथं झोपणारा आजारी नसतो."

"मग इतकं ताणून कशाला घालायचं?"

ती नुसती हसली. मी मात्र त्या प्रश्नात अडकले. धडधाकट माणूस पैसे देऊन दुसऱ्याच्या पलंगावर झोपायला येतो तेव्हा त्याला नेमकं काय हवं असतं? मी स्वतः हॉटेलात कधी झोपले नव्हते. कुठं गेले तर नातेवाइकांकडे, नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत.

उशी ठेवताना मी म्हटलं, "खोळीचं उघडं तोंड दाराच्या उलट बाजूला."

"का?" असं एका मुलीनं विचारलं.

ही हळर्णची. बी.कॉम. झालेली, तेवीस वर्षांची, बारीक, केस घट्ट बांधलेले. वडिलांचं छोटं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि थोडी शेती. पदवीनंतर दोन वर्षं घरीच होती, मधले तीन महिने पेडण्याच्या एका मोबाइलच्या दुकानात.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला ठाऊकच नाही. शेकडो नव्या नर्सना मी ते सांगितलं होतं. कोणीही का म्हणून विचारलं नव्हतं, आणि मीही माझ्या मेट्रनला विचारलं नव्हतं. घरी येऊन मी जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, धूळ जाऊ नये म्हणून. दुसरी म्हणाली, मेट्रन दारातून तपासायची, तिला नीट दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन्ही कारणं सांगितली आणि म्हटलं, यातलं खरं कुठलं ते माहीत नाही. हळर्णची मुलगी म्हणाली, "म्हणजे हॉटेलात पण तसंच. दार उघडल्यावर पाहुण्याला पहिलं काय दिसतं, ते." तेव्हापासून माझं लक्ष तिच्याकडे राहिलं.

या कामाला घरातून विरोध होता, तो मला नवा नव्हता. मी नर्सिंगला गेले तेव्हा माझ्या काकांनी वडिलांना विचारलं होतं, लोकांची घाण काढायलाच शिकवलंस काय पोरीला? इथंही बाथरूम धुण्याचा धडा आला त्या दिवशी दोन मुलं आली नाहीत. एक परत आला, एक आलाच नाही. टिप्परवाला मात्र हातमोजे चढवून पहिला आत गेला. बाहेर येऊन म्हणाला, "सिस्टर, खाणीतला चिखल बघितलेल्याला हे काय."

मॅडमचा एक नियम होता. ती तो रोज म्हणून घ्यायची: पाहुण्याच्या खोलीत डोळे उघडे आणि तोंड बंद. दारावर टकटक करायची, आपण कोण ते सांगायचं, थांबायचं, पुन्हा टकटक. पाहुण्याच्या वस्तूला हात नाही. कचऱ्याच्या टोपलीत आहे तेवढाच कचरा, मेजावरचा चिटोरासुद्धा कचरा नव्हे. बाहेर आल्यावर जे दिसलं ते विसरायचं.

"विसरायचं कसं?" हळर्णच्या मुलीचा प्रश्न.

"सवयीनं," मॅडम म्हणाली.

दोन महिन्यांनी मुलांना मांद्र्याच्या बाजूच्या एका हॉटेलात प्रत्यक्ष कामाला पाठवलं. सकाळी हॉटेलची गाडी न्यायची. सोमवारी मात्र सगळी वर्गात यायची आणि आठवडाभरात काय शिकलो ते सांगायची. मी त्या सोमवारची वाट बघायचे. खरं सांगायचं तर शिकवायला नव्हे, ऐकायला. कोणी पाहुणी घरून स्वतःची उशी घेऊन येते, कोणी टॉवेल हवे तेवढे मागतो आणि एकही वापरत नाही, कोणाला खोलीत पाव आणि लोणचं हवं असतं. मॅडम खोलीचा नंबर आणि नाव घेऊ द्यायची नाही, बाकी बोलू द्यायची.

दुसऱ्या सोमवारी हळर्णची मुलगी काहीच बोलली नाही. सगळे गेल्यावर मी सरावाच्या चादरी घडी करत होते, तेव्हा येऊन तिनं दुसरं टोक धरलं.

"सिस्टर, एक विचारू? विसरायचं असतं, पण मला विसरायला जमत नाय."

"विचार."

"एक पाहुणे आहेत. म्हातारे, एकटेच खोलीत. ते बिछान्यावर निजतच नाहीत. मी घालते ती चादर दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी. आधी वाटलं, ते स्वतःच नीट करून ठेवत असतील. म्हणून शनिवारी मी एका कोपऱ्याची घडी मुद्दाम उलटी घातली. काल ती उलटीच होती."

मला हसू आलं. "मग जमिनीवर झोपत असतील. पुष्कळांना गादी सोसत नाही."

"नाय. खुर्चीत. तिन्ही उश्या खुर्चीत असतात, आणि खुर्ची बाल्कनीच्या दाराला लावलेली. एसी बंद, दार उघडं. डास येतात तरी उघडं."

चादर माझ्या हातात तशीच राहिली. मी विचारलं, "पायांत काय घालतात?"

"बूट आहेत, पण नाड्या काढून टाकल्यात. तुम्हाला कसं कळलं?"

मला कळलं नव्हतं, भीती वाटली होती. इस्पितळात असे कितीतरी पेशंट मी बघितले. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून माणूस बसून झोपतो, उघड्या खिडकीकडे तोंड करून. पाय सुजतात, चपला तंग होतात.

"औषधं दिसली कुठं?"

ती थोडी घुटमळली. "मेजावर गोळ्यांचा डबा आहे. वारांचे कप्पे असलेला, पारदर्शक. मी हात लावला नाय, सिस्टर, शप्पथ. पण दिसतो ना. सगळे कप्पे भरलेले आहेत. रविवारी मी गेले तेव्हा शनिवारचा पण भरलेला होता, शुक्रवारचा पण."

मॅडम ओट्यावर फोनवर बोलत होती. मी तिला आत बोलावलं. तिनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, पाहुण्याच्या गोळ्यांच्या डब्याकडे ट्रेनीनं बघितलं हे हॉटेलात कळलं, तर हिचं ट्रेनिंग तिथंच संपलं. आणि संस्थेची पुढची मुलं ते घेणार नाहीत."

"आणि त्या माणसाचं उद्या काही झालं तर?"

मॅडम मुलीकडे वळून म्हणाली, "तू काय म्हणतेस? नोकरी तुझी जायची."

मुलगी चादरीची कड बोटांत घेऊन उभी होती. "गोळ्यांचं सांगू या नको. बिछान्याचं विचारू या ना. तुम्हाला आमचा बिछाना आवडला नाही काय, गादी बदलून देऊ काय, असं. ते तर विचारतातच हॉटेलात."

मॅडमनं तिथल्या सुपरवायझरला फोन लावला. ती सुपरवायझर कडक म्हणून प्रसिद्ध होती, मुलं तिच्या चपलांचा आवाज ओळखायची. ती आधी चिडलीच. चादर बघायची की चादरीवरून माणूस शोधायचा, असं काहीतरी म्हणाली. मग मॅडमनं माझं सांगितलं, नर्स होती, तिला असं वाटतं. तेव्हा सुपरवायझर म्हणाली, "सकाळी घेऊन या त्यांना. कँटीनमध्ये बसू देत."

मंगळवारी सकाळी मी हॉटेलच्या गाडीतून गेले. समोरच्या दारानं नव्हे, कामगारांच्या मागच्या दारानं. धुण्याच्या खोलीतून गरम सुती कापडाचा वास येत होता आणि मला क्षणभर इस्पितळातच असल्यासारखं वाटलं. मी चहा घेऊन बसले. सुपरवायझर आणि मुलगी वर गेल्या.

वर काय झालं ते मला मागाहून मुलीनं सांगितलं. सुपरवायझरनं दारावर टकटक करून बिछान्याचं विचारलं. म्हातारे बेळगावकडचे, मराठी बोलणारे. आधी चांगलं बोलले, बिछाना उत्तम आहे म्हणाले. पण तेवढं बोलताना दोनदा थांबले. ते सुपरवायझरच्या लक्षात आलं. तिनं विचारलं, "साहेब, आमच्याकडे आज एक नर्स आल्या आहेत. त्यांना बोलावू का?" तेव्हा त्यांचा पारा चढला, तरी तिनं मला वर बोलावून घेतलं.

मी वर पोचले तेव्हा ते खुर्चीतच होते. "माझी खोली झाडायला येता... की माझ्यावर पाळत ठेवायला?" हे वाक्य त्यांनी दोन श्वासांत पुरं केलं.

मुलगी दारात उभी होती, कपड्यांच्या ट्रॉलीला धरून. तिला बोलायची परवानगी नव्हती. तरी बोलली. "बिछाना मी घातलेला, साहेब. म्हणून बघितला."

ते तिच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या पायाशी बसले आणि घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि अंगठा काढल्यावर तसाच राहिला. त्यांनीही तो बघितला.

"किती दिवस गोळ्या बंद आहेत?" मी विचारलं.

मग ते सांगू लागले, थांबत थांबत. पुतणीचं लग्न याच हॉटेलात होतं, आठवडाभराचा समारंभ. बाकीचं कुटुंब मागच्या इमारतीत. पाण्याच्या गोळ्या घेतल्या की सारखं लघवीला जावं लागतं. चोर्ल्याच्या घाटात गाडी किती वेळा थांबवायची, म्हणून निघायच्या दिवशी घेतल्या नाहीत. इथं आल्यावर मांडवात सारखं उठायला नको म्हणून घेतल्या नाहीत. एक बंद केली तेव्हा उगाच घोळ नको म्हणून सगळ्याच बंद केल्या. "लग्नघरात कशाला सांगायचं," ते म्हणाले. "उद्या झालं की... परवा घरी जाऊन सुरू करणारच होतो."

"परवापर्यंत तुम्ही थांबाल, पण हे पाणी थांबणार नाही," मी म्हटलं. आवाज माझा जुनाच निघाला, वॉर्डातला. त्यांनी मान खाली घातली.

हॉटेलनं डॉक्टर बोलावला. डॉक्टरनं तपासून लगेच म्हापशाला हलवायला सांगितलं. त्यांचा भाऊ धावत आला, मागून नातेवाईक आले, कोणी घाबरलेलं, कोणी वैतागलेलं. चारचाकीत बसवताना म्हातारे मुलीकडे न बघताच गेले. लग्न दुसऱ्या दिवशी त्यांच्याशिवाय लागलं. चार दिवसांनी ते बरे होऊन परस्पर बेळगावला गेले, हे सुपरवायझरनं कळवलं.

तिनं आणखी एक कळवलं. त्या कुटुंबातल्या कोणीतरी हॉटेलच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार केली होती. कामवाल्या मुली पाहुण्यांच्या खासगी गोष्टी बघतात आणि बाहेर बोलतात, अशी.

महिना संपला तेव्हा आमच्या दहापैकी सहाजणांना त्या हॉटेलनं ठेवून घेतलं. टिप्परवाल्याला पाहुण्यांच्या सामानाच्या आणि गाड्यांच्या कामावर. हळर्णच्या मुलीला ठेवलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मला झोप लागेना. मी तिला बोलायला लावलं होतं. त्या माणसाचा जीव वाचला म्हणून मी समाधानात होते, पण माझं काय गेलं? पेन्शन येतच होती. पंधरा दिवसांनी न राहवून मी हळर्णला गेले. तिच्या आईनं चहा केला, पोयो म्हणजे कोंड्याचे पाव दिले. वडील सुपाऱ्या सोलत बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "बघ ना सिस्टर, भलं केलं नि घरी बसली. म्हणून मी म्हणत होतो, बँकेची परीक्षा दे."

"बाबा, परीक्षा पण देतेय ना," ती म्हणाली.

मला सोडायला ती बसथांब्यापर्यंत आली. मी म्हटलं, "माझं चुकलं गे. मी तुला त्यात घातलं."

"तुम्ही कुठं? कोपरा उलटा मीच घातलेला." थोडं चालून ती म्हणाली, "पण सिस्टर, एक चुकलं. सोमवारपर्यंत मी थांबले. रविवारीच सुपरवायझरला सांगायला हवं होतं. मी भ्यायले म्हणून तुमच्याकडे आले, आणि म्हणून ते बाहेर बोलल्यासारखं झालं."

तिनं एवढा विचार केला असेल असं मला वाटलं नव्हतं. मला स्वतःला तो सुचलाही नव्हता.

अडीच महिने ती घरी होती. मग एक दिवस तिला त्या कडक सुपरवायझरचा फोन आला. सुपरवायझरनं ते हॉटेल सोडलं होतं आणि मोप्याजवळच्या एका नव्या हॉटेलात ती मोठ्या जागेवर लागली होती. म्हणाली, "मला बघणारी माणसं हवीत. पण बघितलेलं आधी मला सांगायचं. चालेल?" मुलीनं विचारलं, "मला कळलं नाही तर विचारू शकते?" सुपरवायझर म्हणाली म्हणे, "तू नाही विचारलंस तरच मला काळजी वाटेल."

आता तिला तिथं दीड वर्ष झालं. एका मजल्याच्या खोल्या तिच्याकडे आहेत आणि हाताखाली तीन नवी मुलं, त्यातली दोन आमच्याच वर्गातली. वडील अजून बँकेच्या जाहिराती कापून ठेवतात. तीही कापू देते.

मला तिचा फोन येतो, बहुतेक दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. मागच्या पंधरवड्यात आला होता.

"सिस्टर, कोणी माणूस खोलीतले सगळे आरसे टॉवेलनं झाकून ठेवत असेल, तर तो कसला आजार?"

मी विचार करू लागले. वर्षभराच्या आतलं सुतक? डोळ्यांना उजेडाचा त्रास? एखादं ऑपरेशन झालेलं? नवस? "बाई आहे की पुरुष?" मी विचारलं. "वय काय? बाथरूममधला पण झाकलाय?"

पलीकडे ती हसायला लागली. "सांगायचं नसतं, सिस्टर."

"मग विचारलंस कशाला?"

"आधी आमच्या सुपरवायझर मॅडमना सांगितलंय. त्यांना पण ठाऊक नाय. आजाराचं काही नसलं तर माका तेवढं बस. मी फक्त जास्तीचे टॉवेल ठेवते."

तिची सुट्टी संपली होती, तिनं फोन ठेवला. त्या दिवशी वर्गातून येताना मॅडमच्या स्कूटरमागे बसून मी सगळा रस्ता त्या आरशांचाच विचार करत होते. अस्नोड्याच्या पुढं आल्यावर मॅडमलाही विचारलं. तिनं गाडी कडेला घेतली, नऊ वर्षांतल्या खोल्या आठवून बघितल्या, आणि म्हणाली, "नाय गे मावशी. असं मी कधीच बघितलं नाय."